माझ्या इन्स्टॉलरने खोडलेली ओळ

त्या वर्षी आमच्या टाउनशिपमध्ये निरोपसमारंभांचा हंगाम चालू होता. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात आम्ही मोठमोठे पंप बनवायचो. सरकारला एकाएकी असं वाटू लागलं, की पंपांपेक्षा पंप बनवणारी माणसंच जास्त झाली आहेत. म्हणून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. शनिवार आला की कुठल्या ना कुठल्या डिपार्टमेंटात टेबलं जोडली जायची. पांढरी चादर, समोसा, काजूकतलीचा तुकडा, हार, शाल आणि शेवटी एक सुटकेस. सुटकेस देणं ही माणसाला ‘जा’ म्हणून सांगायची सभ्य पद्धत आहे हे मला तेव्हा कळलं.

या समारंभांत भाषण करायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी संगणक विभागात होतो आणि विनोदी बोलतो अशी माझी ख्याती होती. सरकारी कारखान्यात एकदा चिकटलेली ख्याती निवृत्तीपर्यंत सुटत नाही. माझी रीत ठरलेली होती. जाणाऱ्याची टिंगल करायची नाही, आपलीच करायची. माझ्या हातून त्याचं काय नुकसान झालं होतं ते रंगवून सांगायचं, आणि झालं नसेल तर बनवायचं. एका फोरमनला मी सांगितलं की त्याची साठलेली सगळी रजा मी एकदा चुकून उडवली होती आणि तो जेवायला गेला असताना गुपचूप परत भरली. धादांत खोटं. पण लोक हसले, फोरमनने डोळे पुसले, मी समोसा खाल्ला.

पहिल्या काही भाषणांना माझाही आवाज जड व्हायचा. नंतर काही होईनासं झालं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं जसं होतं तसं माझं झालं होतं. हात लावला की गाल आहे हे बोटांना कळतं, गालाला मात्र कळत नाही. आमच्या ब्लॉकमधल्या घरांना एकेक करून कुलपं लागत गेली. कोणी शहरातल्या अरेरा कॉलोनीत फ्लॅट घेऊन गेलं, कोणी मुलाकडे पुण्याला गेलं. ट्रक लागला की मी खाली जाऊन कूलर उचलायला हात द्यायचो, परत येऊन चहा प्यायचो आणि ट्रक कोणाचा होता तेही संध्याकाळपर्यंत विसरायचो. बायको म्हणायची, “अहो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?” मी म्हणायचो, “वाटतं ना. भाषणात वाटतं.”

शेवटी ब्लॉकमध्ये दोनच बिऱ्हाडं उरली. तळमजल्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर काका-काकू.

काका नागपूरचे. डिझाइन विभागात सीनियर. नात्याचे नव्हेत, पण टाउनशिपमध्ये वरच्या मजल्यावरचा मराठी माणूस आपोआप काका होतो. कारखान्यात मिळून एकच संगणक होता आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, त्या जमान्यात काकांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. पंपाचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरणारा दांडा, किती जाड हवा, किती वेगाला तो थरथरायला लागेल, याचा तो हिशेब करायचा. त्याला चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर चार अक्षरांचं नाव टाइप करायचं, एंटर मारायचा, विचारलेली मापं भरायची, की आकडे येत. पुढे रंगीत सॉफ्टवेअरं आली, पण काकांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय कोणताही शाफ्ट बनवायला शॉपमध्ये जात नसे.

स्वेच्छानिवृत्तीचा विषय निघाला की काका म्हणायचे, “मले काही घाई नाही बाप्पा. ज्या दिवशी डोकं चालत नाही असं वाटंल, त्या दिवशी सही.” ते हसत म्हणायचे, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ भोपाळमधल्याच शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. पन्नाशीतच त्यांची आठवण गेली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. काका दर रविवारी स्कूटरवर त्यांच्याकडे जायचे, आणि शेवटी शेवटी भाऊ त्यांना अदबीने विचारायचे, “आपण कोणत्या डिपार्टमेंटचे?” भाऊ गेले, पण तो प्रश्न काकांच्या घरात राहिला.

आता माझं कर्तृत्व.

आमच्या विभागाने रजा आणि हजेरीचा एक नवा प्रोग्रॅम बनवला होता. तो प्रत्येक डिपार्टमेंटच्या प्रत्येक संगणकावर बसवायचा होता. आमचे साहेब म्हणाले, “ऐसा बनाओ कि आदमी एक बटन दबाए और हो जाए.” एक बटण दाबलं की सगळं आपोआप बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे इन्स्टॉलर. तो मी लिहिला.

संगणकाच्या पोटात एक लांब ओळ असते. तुम्ही एखाद्या प्रोग्रॅमचं नुसतं नाव टाइप केलंत, तर तो कुठे शोधायचा याचे सगळे पत्ते त्या ओळीत एकापुढे एक लिहिलेले असतात. नवा प्रोग्रॅम आला की त्याने आपला पत्ता त्या ओळीत जोडायचा असतो. माझ्या इन्स्टॉलरने जोडला नाही. त्याने सबंध ओळ पुसली आणि तिथे एकट्या स्वतःचा पत्ता लिहिला. रेशनकार्डावर नव्या सुनेचं नाव चढवायला माणूस पाठवावा, आणि त्याने सासू, सासरा, दीर, नणंद सगळे खोडून एकट्या सुनेचं नाव ठेवून यावं, तसं. माणसं घरातच होती. जुने प्रोग्रॅम डिस्कवर जिथल्या तिथे होते, फक्त नावाने हाक मारली तर कोणी ओ देईना.

मी तपासून पाहिलं नव्हतं असं नाही. पण तपासलं आमच्या विभागाच्या नव्याकोऱ्या मशीनवर. सरकारी ऑफिसात नव्या मशीनवर कोणी काही ठेवत नाही. त्याच्या मॉनिटरवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ज्या घरात सूनच एकटी राहते, तिथे रेशनकार्ड बरोबरच दिसणार.

मग परिपत्रक निघालं: सर्व विभागांनी प्रोग्रॅम बसवून अनुपालन रिपोर्ट पाठवावा. सगळ्यांनी बसवला, आणि ‘प्रोग्रॅम बसवला, सर्व सुरळीत’ असे रिपोर्ट भराभर आले. काहींनी तर बसवायच्या आधीच पाठवले. पुढे जे झालं ते फक्त आमच्यासारख्याच ठिकाणी होऊ शकतं. मशीनं बिघडली आणि कोणी तक्रार केली नाही. सर्व सुरळीत म्हणून सही करून दिल्यावर बिघडलं असं कसं लिहिणार? आधीचा रिपोर्ट खोटा ठरतो. त्यापेक्षा स्टोअरच्या बाबूने आपला जुना प्रोग्रॅम डिस्कवर हुडकून काढला आणि तिथूनच चालवू लागला. प्लॅनिंगवाल्यांनी एक मशीन कपडा घालून झाकून ठेवलं. मी मात्र कँटीनमध्ये सांगत फिरत होतो की अख्ख्या कारखान्यात एक तक्रार नाही.

एका संध्याकाळी काका खाली आले. कधी न विचारलेलं विचारावं तसे म्हणाले, “माझ्या त्या प्रोग्रॅमचं नाव काय होतं रे? चार अक्षरांचं?”

मी सांगितलं.

“हाव. तेच,” काका म्हणाले आणि बसून राहिले.

गप्प बसणं माझ्या ख्यातीला परवडणारं नव्हतं. मी म्हणालो, “काका, प्रोग्रॅमचं ठीक आहे. उद्या काकूंचं नाव विचारायला याल.”

काका उठले, “चल, येतो” म्हणाले आणि वर गेले. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. हाताला कणीक होती.

“तुमच्या जिभेला हाड नाही का हो?”

“काय झालं?”

“काल काकू रडत होत्या. काकांनी तो स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आणलाय. स्वतःचाच प्रोग्रॅम चालू करता येईना म्हणे त्यांना. रोज टाइप करतात आणि मशीन म्हणतं, हे नाव मला ओळखता येत नाही. त्यांना वाटतंय ते नाव चुकतायत. भावासारखं सुरू झालं म्हणतात.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“आत्ता सांगितलं असतं त्यांनी. तुम्ही तोंड उघडलंत.”

दुसऱ्या दिवशी मी डिझाइनमध्ये गेलो. काका मीटिंगला होते. त्यांच्या मशीनवर ती चार अक्षरं टाइप केली. नाव ओळखता येत नाही. मग ती पत्त्यांची ओळ उघडली. एकच पत्ता होता, माझा.

इथे मला धक्का बसला असं लिहायला हवं. पण बसला नाही. पंखा फिरत होता. कोणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा वास येत होता. ‘अच्छा, हे आपण केलं’ इतकं कळलं, दुसऱ्याच्या घरचा ट्रक पाहिल्यासारखं. मग मी हाताने काकांच्या प्रोग्रॅमचा पत्ता ओळीच्या शेवटी लिहिला आणि काका आल्यावर सगळं सरळ सांगून टाकलं. चूक माझी, तुमचं डोकं ठणठणीत आहे.

काकांनी चार अक्षरं टाइप केली. प्रोग्रॅम उघडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले, आजारी माणूस भेटायला आलेल्याकडे पाहून हसतो तसे.

“चांगलं बनवलं रे. हे माझ्या निरोपाच्या शनिवारी सांगजो.”

“काका, खरंच माझी चूक आहे.”

“त्या फोरमनची रजा पण तूच उडवली होती ना?”

इतक्या खोट्या चुका मी इतक्या झोकात कबूल केल्या होत्या की खऱ्या चुकीसाठी माझ्याजवळ वेगळा आवाज उरला नव्हता.

त्या दुपारी बसून मी इन्स्टॉलर दुरुस्त केला. आता तो जुनी ओळ पुसत नव्हता, आपला पत्ता तिच्यापुढे, अगदी सुरुवातीला, जोडत होता. पुढे, कारण आपलं काम सरकारी, त्याला पहिला मान. नवी फ्लॉपी सगळ्या विभागांत गेली आणि तिच्यासोबत साहेबांचं स्मरणपत्र. इथे माझी दुसरी हुशारी आडवी आली. इन्स्टॉलर काम संपल्यावर ‘झालं’ असं काही म्हणतच नव्हता. गुपचूप बंद व्हायचा. त्यामुळे बसला की नाही हे कोणाला कळेना, आणि स्मरणपत्राच्या धाकाने लोक बटण पुन्हा पुन्हा दाबत. डिझाइनचा क्लार्क तर भक्तिभावाचा माणूस. त्याने प्रत्येक मशीनवर प्रसाद वाटावा तसा तो परत परत बसवला. दर वेळी माझा पत्ता ओळीच्या पुढे आणखी एकदा चढला. त्यातून फोल्डरचं नाव मी विभाग, योजना, उपयोजना सगळं घालून लग्नपत्रिकेएवढं लांब ठेवलं होतं. त्या ओळीत मावेल तेवढंच मावतं. ती भरली आणि शेपूट कापलं गेलं. शेपटाला कोण होतं? मी हाताने लिहिलेला काकांचा पत्ता.

म्हणजे मागच्या आठवड्यात माझ्यासमोर चाललेला प्रोग्रॅम काकांनी उघडायला घेतला, आणि मशीनने परत सांगितलं की हे नाव मला ओळखता येत नाही.

त्यांनी मला बोलावलं नाही. मॉनिटर बंद करून ते घरी गेले. हे मला बायकोकडून कळलं, तेही एका वेगळ्याच गोष्टीमुळे. सकाळी आम्ही पोहे खात होतो, आणि खिडकीतून काका ऑफिसला निघालेले दिसले. त्यांच्यासोबत काकू. हातात पिशवी नाही, काही नाही.

“काकू कुठे चालल्या?” मी विचारलं.

“गेटपर्यंत. काल पण गेल्या होत्या.”

“कशाला?”

बायकोने माझ्याकडे बघितलंच नाही. “फिरायला म्हणतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे. काकांचं मशीन परत नाव ओळखेना झालंय, म्हणून.”

टाउनशिपचा तो रस्ता सरळ आहे. वळणसुद्धा नाही. काका त्यावरून अर्धं आयुष्य गेले होते. काकू त्यांच्या अर्धं पाऊल मागून चालत होत्या, लहान मूल पहिल्यांदा सायकल चालवताना हात न लावता मागे चालतात तशा. मी पोहे संपवले. चव लागली नाही, पण संपवले.

फॉर्म भरून तयार होता. फक्त सही राहिली होती. काका म्हणाले होते, कारखान्यातली विश्वकर्मा पूजा होऊन जाऊ दे. फॉर्मची मुदत पूजेनंतर दोन दिवसांनी संपत होती.

या वेळी मी इन्स्टॉलर नीट लिहिला. आधी जुनी ओळ वाचायची, आपला पत्ता तिच्यात असेल तर हात लावायचा नाही. नसेल तर शेवटी जोडायचा. जोडण्याआधी जुन्या ओळीची नक्कल बाजूला ठेवायची. ओळ मावत नसेल तर काहीही न करता तसं सांगायचं. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत काय केलं ते लिहायचं, म्हणजे भक्तांची सोय. काढून टाकायचा झाला तर फक्त आपलाच पत्ता काढायचा. फोल्डरचं बारसंही नव्याने केलं, चार अक्षरांत आटोपलं. मग तो नव्या मशीनवर तपासला नाही. स्टोअरच्या बाबूकडे गेलो. त्याचं मशीन कारखान्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गजबजलेलं.

“हमारे यहाँ कोई प्रॉब्लम नहीं है,” बाबू लगेच म्हणाला. “रिपोर्ट भेज दिया है.”

“मालूम है. सब सुरळीत... सब ठीक है. बस, ठीक को थोड़ा और ठीक करना है.”

त्याने दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाला, “वैसे तीन हफ्ते से परेशान हूँ, सर.”

तिथे चाललं तेव्हा मी डिझाइनमध्ये जाऊन काकांचं मशीन दुरुस्त केलं. काकांनी नाव टाइप केलं, प्रोग्रॅम उघडला, त्यांनी तो बंद केला.

“आज चालला,” ते म्हणाले. “उद्या?”

“उद्याही चालेल.”

“मागच्या खेपेलाही असंच म्हटलं होतंस.”

“काका, मी बिघडवून दाखवतो. तुमच्या डोळ्यांसमोर बिघडवतो आणि परत नीट करतो. मग तरी?”

काकांनी चष्मा पुसला. “मले दाखवून काय होते? माझा माझ्यावरच भरवसा नाही. तू तिले दाखव.”

काकूंना कारखान्यात आणायचं तर वर्षातून एकच दिवस, विश्वकर्मा पूजेचा. त्या दिवशी गेट उघडतं आणि बायकामुलं आत येतात. एरवी ज्या शॉपमध्ये हेल्मेटशिवाय पाय ठेवता येत नाही तिथे पोरं पंपांच्या तोंडात शिरून ओरडतात. मशीनं धुतलेली असतात, लेथला झेंडूच्या माळा, क्रेनच्या हुकाला नारळ. आणि एक नियम पाळायचा असतो: त्या दिवशी कुठलंही यंत्र चालवायचं नाही. यंत्राचा तो आरामाचा दिवस.

काकू कोशाची रेशमी साडी नेसून आल्या. हातात काळी पर्स. डिझाइनमध्ये आमचे साहेब संगणकांची पूजा आटोपून बुंदी वाटत होते. सगळ्या मॉनिटरांना कुंकवाची बोटं लावलेली, कीबोर्डवर अक्षता. मी काकांच्या मशीनचं बटण दाबायला गेलो तसे साहेब म्हणाले, “अरे, आज मशीन नहीं चलाते.”

मी म्हणालो, “सर, यह मशीन कहाँ है, कंप्यूटर है.”

“अभी नारियल फोड़ा है इसके सामने.”

काकू पुढे झाल्या. त्यांचं हिंदी तीस वर्षं भोपाळमध्ये राहूनही नागपूरच्या वेशीबाहेर पडलेलं नव्हतं. “साहब, इनका माथा ठीक है या नहीं, वो देखना है. मशीन को आराम कल दे देना.”

साहेबांनी काकूंकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग बुंदीची परात उचलली. “मैं पंप शॉप में बाँटकर आता हूँ,” ते म्हणाले. “मैंने कुछ देखा नहीं.”

काकू खुर्चीवर बसल्या. अक्षता ओंजळीत गोळा करून बाजूला ठेवल्या.

“भाऊ, गंमत नका करू आज,” त्या मला म्हणाल्या.

“नाही करत.”

काका नाव सांगत गेले आणि काकूंनी एका बोटाने चार अक्षरं टाइप केली. एंटर. प्रोग्रॅम उघडला. मग मी माझी पहिली फ्लॉपी घातली, ती पुसणारी, आणि बसवली. नवा काळा पडदा उघडला. काकूंनी पुन्हा तीच चार अक्षरं टाइप केली. एंटर. नाव ओळखता येत नाही.

“मी बरोबर लिहिलं ना?”

“बरोबर लिहिलं,” काका म्हणाले.

मी दुरुस्त केलं. नवा पडदा, चार अक्षरं, उघडला.

“परत,” काकू म्हणाल्या.

बिघडवलं. परत नीट केलं. मग त्या म्हणाल्या, “परत.” माझ्या आयुष्यात माझी चूक इतक्या लक्षपूर्वक कोणी पाहिलेली नाही. भाषणात लोक हसायचे, इथे एक बाई तांदूळ निवडावा तशी ती निवडत होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी हात वर केला.

“मशीनचं समजलं. ते तुमच्यामुळे बिघडलं. पण यांचं डोकं चांगलं आहे हे यातून कुठं दिसते?”

आणि हे खरंच होतं. बिघाड माझा होता एवढंच मला सिद्ध करता येत होतं. काकांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर, क्रेनखाली पळणारी पोरं बघत होते.

“आता हे काय विचारते?” काकूंनी पडद्याकडे बोट दाखवलं. प्रोग्रॅम उघडाच होता आणि मापं मागत होता.

“शाफ्टचा व्यास,” काका न वळता म्हणाले. “आज ड्रॉइंग बोर्डावर जे लावलंय त्यावरून भर.”

काकूंनी बोर्डावरचं बघून एकेक आकडा भरला. व्यास, लांबी, बेअरिंगमधलं अंतर. मी मागे उभा होतो आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. एंटर मारला. पडदाभर आकडे आले, नेहमीसारखे सरळ रांगेत. प्रोग्रॅम अगदी समाधानाने थांबला.

“आले,” काकू म्हणाल्या.

काका वळले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि पडद्याकडे फार तर एक श्वासभर पाहिलं.

“हे येऊच शकत नाही.”

काकूंचा चेहरा उतरला. माझा हात आपोआप माझ्या फ्लॉपीकडे गेला.

“हा वेग पाहा,” काका म्हणाले. “एवढ्या कमी वेगाला शाफ्ट थरथरायला लागला तर तो हाताने फिरवला तरी तुटंल. तू लांबीत एक शून्य जास्त मारलंस. एवढा लांब शाफ्ट करायचा तर मधली भिंत पाडा लागंल आणि अर्धा कँटीनमध्ये ठेवा लागंल.”

मी वाकून पाहिलं. शून्य जास्त होतं. मशीनने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला दिसलं नव्हतं. काकूंनी शून्य काढलं, एंटर मारला. आकडे बदलले.

“आता?” काकूंनी विचारलं.

“आता बरोबर. तिसरा आकडा थोडा जास्त वाटते, पण बेअरिंग तसंच आहे त्या पंपाचं. येते तेवढा.”

काकूंनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या काकांकडेच पाहत होत्या. मग त्यांनी पदराने डोळे नव्हे, कीबोर्डवरचं कुंकू पुसलं, आणि उठल्या.

“भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “ती बिघडवणारी तबकडी कोणती?”

मी फ्लॉपी दिली.

त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

“काकू, ती सरकारी आहे,” मी म्हणालो. “आणि घरी तुमच्याकडे कॉम्प्युटरही नाही.”

“नसू दे. यांना परत कधी शंका आली तर हातात द्यायला काहीतरी पायजे.”

काका म्हणाले, “अगं, तिच्यात जुना इन्स्टॉलर आहे. काही कामाचा नाही तो.”

“म्हणूनच ठेवते,” काकू म्हणाल्या.

मुदतीचा दिवस आला आणि गेला. फॉर्मचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच रस्त्यावरून गेटकडे जाताना दिसले. काकू वर गॅलरीत उभ्या होत्या. काका वळून पाहतात का, हे त्या पाहत होत्या की नुसत्या उभ्या होत्या, ते मला खालून दिसलं नाही. मी चहा संपवला आणि बाकीची मशीनं दुरुस्त करायला निघालो. त्या सगळ्या विभागांत अजूनही सर्व सुरळीत होतं.